अक्कानं परत घेतलेला शोध

अक्का,

तू गेल्यापासून दुकानात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलीय. आपल्या हुबळीच्या दाजीबानपेठेतली माणसं समाचाराला थेट घरी येत नाहीत, हे तुला माहीत आहे. आधी दुकानाच्या पायरीशी थांबून आत डोकावतात आणि गिऱ्हाईक नसलं तर चप्पल काढून वर चढतात. गादीच्या कडेला बसतात, थोडा वेळ पंख्याकडे बघतात आणि मग सगळे एकच विचारतात, "वसंतराव, तुमच्या अक्कांनी कसला तरी शोध लावला होता म्हणे. नेमका कसला?"

मी काय सांगणार? पहिल्याला म्हटलं, डोळ्यांचं काहीतरी होतं. तो म्हणाला, मोतीबिंदू का? मी म्हटलं, त्याच्या जवळपासचंच. दुसऱ्याला म्हटलं, कोंबड्यांवर काम होतं. त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि मेहुण्याच्या पोल्ट्रीत पसरलेल्या रोगावर औषध विचारलं. मीही बेधडक सांगितलं, हळद घालून बघा. घाऊक धोतरवाल्या मल्लप्पाअण्णांना मात्र थापा मारायचं धाडस झालं नाही. त्यांना खरं तेच सांगितलं, "अण्णा, तिनं एक शोध लावला होता आणि मग स्वतःच परत घेतला."

"हौदा? असं होय?" ते म्हणाले. "विकलेलं धोतर परत घेतो आपण. शोध कसा परत घ्यायचा?"

तेच तर मी तुला विचारत होतो, अक्का. रायापूरच्या तुझ्या घरी विचारलं, गाडीत विचारलं, दवाखान्यात सलाइन चालू असताना विचारलं. तू खरी की मी, हे ठरवणारी एक तपासणी व्हायची होती आणि ती व्हायच्या आत तू गेलीस. ती काल झाली. निकाल तुला सांगावा म्हणूनच हे लिहायला बसलोय. पण माझ्या वळणानं सांगणार. जन्मात पहिल्यांदाच तू माझं वाक्य मधे तोडून दुरुस्त करू शकत नाहीस. ही संधी मी बरी सोडीन!

तुझ्या कामात मी शिरलो तो अंडी घेऊनच. आपलं घर कसं, आई असेपर्यंत अंड्याचा शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत आला नाही. तू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतेस म्हणजे बेडकांची चित्रं काढतेस, अशी आईची शेवटपर्यंत समजूत होती आणि ती तू मोडली नाहीस. तर एके दिवशी तुझा फोन आला. "वसू, धारवाडला येणार आहेस ना आज? येताना अंडी घेऊन ये. गावठी आण. उबवायला घालायचीत." माझ्या कानात 'अंडी' एवढंच शिरलं आणि पुढचं सगळं घामात वाहून गेलं. हुबळीत घ्यायची म्हणजे कुणीतरी बघणार. म्हणून मी धारवाडच्या सुभाष रोडवर, जिथं मला कुणी ओळखत नाही, तिथं गेलो. दुकानदारानं आधी गावठी दाखवली. मळकट होती, एक लहान तर एक मोठं, एकाला तर पीस चिकटलेलं. मी तिशीपासून गादीवर बसलेला माणूस. कापडात जे बघतो तेच मी अंड्यात बघितलं. डाग नको, रंग एकसारखा हवा, माप एकसारखं हवं. म्हटलं, "हा सेकंड माल ठेवा तिकडं, तो पांढरा दाखवा." आणि धुतल्यासारखी पांढरीशुभ्र अंडी निवडून घेतली. वर खणाचे दोन तुकडे झाकले आणि चोरासारखा तुझ्या दारात हजर झालो. तू घाईत होतीस. ट्रे तसाच उबवणीच्या पेटीत सरकवलास.

तीन दिवसांनी फोन. "वसू, कुठनं आणलास ही?"

"का? एक नंबर माल आहे की."

"एकातही काही धरलं नाही."

"असं कसं? मी एकेक उजेडात धरून बघून घेतलंय!"

मग तू हसायला लागलीस ती थांबेचना. "अरे गाढवा, ही पोल्ट्रीतली अंडी. या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितला नाही!"

त्यानंतर आपल्याकडे एकही बारसं, एकही मुंज अशी झाली नाही जिथं तू हे सांगितलं नाहीस. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर सांगितलंस. मंगल म्हणाली, "वन्सं, आज तरी राहू दे." तू म्हणालीस, "आजच सांगायला हवं. त्यांना कळू दे कुठल्या घराशी सोयरीक करतायत."

पुढं भारती आली आणि अंड्यांचा प्रश्न मिटला. अळणावरजवळच्या खेड्यातली पोर. तिच्या आईच्या कोंबड्या अंगणात मोकळ्या हिंडायच्या, आणि त्यांच्यात दोन चांगले तुरेवाले कोंबडे होते. भाताच्या तुसात पुरलेली अंडी मांडीवर घेऊन भारती बसनं यायची. तुझ्या हाताखाली पीएच.डी.ला लागली तेव्हा तिचे वडील तुला भेटायला आले होते आणि हात जोडून म्हणाले होते, "बाई, कोंबड्या आमच्या परड्यात पण हायत. त्या बघायला धारवाडला कशाला यायला लागतंय?" त्यावर तू त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलंस. मलाही तिथंच, त्याच खुर्चीत बसवलं होतंस.

त्या दिवशीचं मला अजून दिसतं. काचेवर दोन दिवसांचं पिल्लू होतं. पिल्लू कसलं, एक वाकलेली पांढरट रेघ, नखाएवढीही नाही. तू म्हणालीस, "डोकं कुठंय ते बघ. सापडलं? आता त्याच्या दोन्ही बाजूंना बघ." तिथं दोन तपकिरी ठिपके होते. मी म्हटलं, "डोळे." तू म्हणालीस, "डोळे नाहीत अजून. डोळा व्हायचाय. इथं डोळा करा, असं सांगणारं प्रोटीन तेवढं येऊन बसलंय. तेच तुला दिसालंय."

त्याचं नाव पॅक्स-सिक्स. नाव ऐकून मला एखाद्या सूटिंगच्या मिलची आठवण झाली आणि मी ते बोललोही. तू कपाळावर हात मारलास, पण समजावून दिलंस. म्हणालीस, "अप्पा आठवतात ना गादीवर बसलेले? ते स्वतः कापड मोजायचे नाहीत, फाडायचे नाहीत, घडी घालायचे नाहीत. कुठला गठ्ठा फोडायचा आणि कुठला बांधून ठेवायचा, एवढं बसल्या जागी सांगायचे. दुकान त्यावर चालायचं. हे प्रोटीन तसलं. प्रत्येक पेशीत सगळ्या कामांचे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. हे येतं आणि डोळ्याचे फोडायला लावतं."

"आणि ते तपकिरी का?"

"ते तपकिरी नसतं रे, ते दिसतच नसतं. आपण त्याला रंग लावतो." मग तू मला अँटिबॉडी शिकवलीस. इतक्या वर्षांत तू विद्यार्थ्यांना ते कसं शिकवलंस ठाऊक नाही, पण मला आपल्या लग्नांवरनं शिकवलंस. मांडवात पाचशे माणसं आहेत आणि त्यातनं तुम्हाला एकच पाहुणा हुडकायचाय. तुम्ही एका काकूला आत सोडता. ही काकू जगात फक्त त्या एकालाच ओळखते, पण बिचारी मुकी आहे. ती जाऊन त्याचा हात धरते आणि उभी राहते. ही पहिली अँटिबॉडी. सशाच्या रक्तातनं मिळते, कारण त्या प्रोटीनचा तुकडा सशाला टोचलेला असतो आणि सशाच्या अंगानं तो ओळखायला शिकून घेतलेलं असतं. मग मागून गंधाची वाटी घेतलेला एक माणूस सोडायचा. तो पाहुण्यांना ओळखत नाही, तो फक्त काकूला ओळखतो. काकू जिथं उभी असेल तिथं गंध लावतो. ही दुसरी. आता तुम्ही लांबून मांडवाकडे बघा. ज्याला गंध, तो आपला माणूस.

"आणि गंधवाला चुकला तर?" मी विचारलं. दुकानदाराला फसवणुकीचं आधी सुचतं.

तुझे डोळे चमकले, अक्का. मला आयुष्यात शाबासकी अशी तेवढीच मिळाली. म्हणालीस, "म्हणून दर वेळी आणखी एक मांडव घालायचा. त्यात काकूला सोडायचंच नाही. नुसता गंधवाला सोडायचा. तरी लोकांच्या कपाळाला गंध दिसलं, तर समजायचं हा वाट्टेल त्याला लावत सुटलाय. त्या दिवसाचं सगळं काम फेकून द्यायचं."

"सगळं?"

"सगळं."

हे 'सगळं' तू किती सहज म्हणालीस! मी आलेला डागी मालसुद्धा आठवडाभर टिच्चून विकणारा माणूस.

मग तो शोध लागला. भारतीच्याच काचेवर लागला. पिल्लाच्या पाठीला, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मण्यांची माळ ओवल्यासारखे गोळे असतात. पुढं त्यांचेच पाठीचे स्नायू होतात. भारतीला त्या मण्यांत रंग दिसला. डोळ्याचं प्रोटीन, ज्यानं डोळ्यात, मेंदूच्या थोड्या भागात आणि मज्जारज्जूत असावं, ते पाठीच्या मण्यांत! पुन्हा केलं, पुन्हा दिसलं. काकूविना मांडव घातला, तर तिथं गंध नव्हतं. म्हणजे गंधवाला चोख होता. तू मला फोन करून सांगितलंस तेव्हा तुझा आवाज कॉलेजात पहिली आलेल्या मुलीसारखा होता.

मी म्हटलं, "म्हणजे पाठीला डोळे?"

"अप्पांना होते की," तू म्हणालीस. आपण दोघं पोट धरून हसलो. अप्पा पाठमोरे बसून गल्ल्यात नोटा लावायचे आणि तेवढ्यात ओरडायचे, वसू, तो तागा जमिनीला लागतोय!

निबंध लिहिला गेला, परदेशातल्या पत्रिकेनं घेतला. छापायचा तेवढा बाकी होता. भारतीच्या प्रबंधातलं मोठं प्रकरण तेच होतं. तिच्या वडिलांनी गावात पेढे वाटले. त्याच सुमारास तुझं पोट दुखायला लागलं. तू अॅसिडिटी म्हणत राहिलीस आणि मग ती अॅसिडिटी नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. हे मी इथं एवढ्यातच आटोपतो. त्या सगळ्यावर तूही कधी चार वाक्यं बोलली नाहीस.

आणि त्या दुखण्यातच तू ती दुसरी परीक्षा करायला घेतलीस. पत्रिकेनं मागितली नव्हती, कुणीच मागितली नव्हती. पिल्लातली सगळी प्रोटीनं काढून वजनाप्रमाणं एका पट्टीवर पसरायची आणि त्यावर ती काकू सोडायची. तिनं एकाच जागी उभं राहायला हवं. ती दोन जागी उभी राहिली. एक रेघ पॅक्स-सिक्सच्या जागी, आणि तिच्या जरा वर, जड प्रोटीनांच्या बाजूला, दुसरी.

मी त्या दिवशी औषधं घेऊन रायापूरला आलो होतो. तू व्हरांड्यात शाल घेऊन बसली होतीस, भारती खाली पायरीवर. दोघींच्या मधे एक कागद पडलेला. मला वाटलं, दवाखान्याचा काही रिपोर्ट आला.

"काय झालं?"

"काकूनं आणखी कुणाचा तरी हात धरलाय," तू म्हणालीस.

मग सांगितलंस. पॅक्स हे घराणं आहे. त्यात पॅक्स-सिक्सची भावंडं आहेत, तीन आहे, सात आहे. सगळ्यांच्या अंगाचा एक भाग सारखाच, अगदी घराण्याचं नाक असावं तसा. आणि यातल्या तीन आणि सात यांचं बिऱ्हाडच मुळी त्या पाठीच्या मण्यांत असतं. "वसू, तुला पेठेत दिवसातनं किती जण आपल्या अनंताच्या नावानं हाक मारतात?"

अनंता म्हणजे आपला चुलतभाऊ. त्याचं नि माझं नाक एकच आहे, हे मी नाकारू शकत नाही. त्याची उधारी लोक माझ्याकडे मागतात.

"म्हणजे काकू नाकावर गेली?"

"गेली असेल. ठरलेलं नाही अजून. त्यासाठी दुसरी काकू आणायला हवी, जी नाक न बघता पॅक्स-सिक्सच्याच अंगावरची एखादी खूण बघते. मागवलीय परदेशातनं. यायला महिने लागतील."

"मग येऊ दे. तोवर थांब."

"थांबलेच आहे. पत्रिकेला कळवून टाकलं, छापू नका म्हणून."

मी हातातली औषधाची पिशवी खाली ठेवली. "चूक आहे असं ठरलं नाही म्हणालीस ना आत्ता?"

"नाही ठरलं. संशय आहे."

"संशयावर कोण दुकान बंद करतं, अक्का?"

"दुकान कुठं बंद केलं? तागा तेवढा गिऱ्हाइकासमोरनं उचलला."

"आणि त्या नव्या काकूनं सांगितलं, की तुझंच बरोबर होतं, तर?"

"तर आनंदच की."

"तोवर दुसऱ्या कुणी छापलं म्हणजे? त्याचं नाव होईल."

"होऊ दे. खरं असलं की झालं."

"आणि तुझं नाव?"

"मला आहे की नाव. शकुंतला. अप्पांनी ठेवलंय." आणि वर, "होगली बिडो, चहा घे," म्हणजे जाऊ दे सोड, आणि चहा घे. भांडणात हरायला आलीस की तुला कानडी सुचायची. जिंकायला आलीस तरी कानडीच सुचायची. त्यामुळं मला कधी अंदाज आला नाही.

भारती उठली आणि निघून गेली. बरेच दिवस आली नाही. मला वाटलं, गेली पोर. तिचं मोठं प्रकरण गेलं होतं, मुदत जवळ आली होती, घरी स्थळं बघणं सुरू होतं. तू तिला एकही फोन केला नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "तिला रागवायचं असेल तर रागावू दे. मी फोन केला तर तिला मधेच थांबावं लागेल." मग एका सकाळी ती तुसातली टोपली घेऊन दारात उभी राहिली. "मॅडम, आईनं ताजी दिल्यात. पहिल्यापासनं परत करूया." एवढंच. तू "ये" म्हणालीस आणि आत जाऊन बराच वेळ आलीच नाहीस. मी तिला पाणी दिलं. तू आत काय करत होतीस ते मला माहीत आहे, पण तुझा मान राखून मी ते लिहीत नाही.

आता ते सांगतो जे मी व्हरांड्यात बोललो नाही. माझा राग निबंधावर नव्हता, अक्का. मला निबंधातलं काय कळतंय? तुझ्याजवळ वेळ नव्हता. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, तुलाही सांगितलं होतं, आणि आपण दोघंही एकमेकांना ते माहीत नसल्यासारखे चहा पीत होतो. आणि तू मात्र वेळ भरपूर असलेल्या माणसासारखी वागत होतीस. महिने लागतील, म्हणत होतीस. घाई करायचा ज्याला सगळ्यात जास्त हक्क होता, त्याच माणसानं घाई केली नाही. मला ते सोसत नव्हतं. आज लिहिताना मान वर करून बघावंसं वाटतं तुझ्याकडे, पण त्या दिवशी मी नुसता बिस्किटाचा पुडा फोडत बसलो.

त्या नव्या काकूची बाटली आली तेव्हा तू दवाखान्यात होतीस. धारवाडला सुट्टी लागून आली होती म्हणून भारतीनं पत्ता आपल्या दुकानाचा दिला होता. थर्मोकोलचा डबा, आत धुरकट बर्फ. भारती बसनं हुबळीला पोचेपर्यंत तो आमच्याकडे होता. आणि तुला माहीत आहेच, आपल्या दुकानात बाहेरून आलेला कुठलाही माल हळद-कुंकू लावल्याशिवाय फोडत नाहीत. भारती धापा टाकत दुकानात शिरली तर डब्यावर पाच बोटं कुंकवाची, वर झेंडूचं फूल, आणि मंगल उदबत्ती ओवाळतेय. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं तिथूनच तुला फोन लावला.

तू क्षीण आवाजात विचारलंस, "डब्याला लावलंय की बाटलीला?"

"डब्याला, वन्सं," मंगल घाबरून म्हणाली.

"मग चालतंय. पण शास्त्र म्हणून एक बाटली बिनकुंकवाची पण मागवायला हवी होती. फरक पडतो का ते बघता आलं असतं."

दवाखान्यातली नर्स नंतर मला म्हणाली, तुमच्या अक्का आज खूप हसत होत्या, कुणाचा फोन होता?

त्या संध्याकाळी मी तुला शेवटचं छेडलं. म्हटलं, "आता खरं सांग. मणी उजळावेत असं वाटतंय की नाही तुला?"

"उजळले तरी मी बरोबर केलं," तू म्हणालीस. "आणि नाही उजळले तरी."

"म्हणजे तुला हरणं ठाऊकच नाही."

"तुझ्याशी भांडताना नाही." मग डोळे मिटून घेतलेस. जरा वेळानं, तू झोपलीस असं वाटून मी उठत होतो, तर म्हणालीस, "भारतीला सांगितलंय. काचा बघायला वसूला बसव. नावं झाकून. तिला काय दिसावं असं वाटतं ते तिला माहीत आहे, म्हणून तिनं एकटीनं बघायचं नाही. तुला काही कळत नाही. तूच योग्य माणूस आहेस."

माझ्याबद्दल इतकं खरं आणि इतक्या मायेनं कुणी बोललं नव्हतं. फक्त एक तुझ्या लक्षात आलं नाही, अक्का. की आलं होतं? मला काही कळत नसलं तरी मला काय दिसावंसं वाटतं, ते मला पक्कं माहीत होतं. मला मणी उजळायला हवे होते. हिरवेगार. शोध तुझा व्हायला हवा होता, आणि पेठेत येईल त्याला छाती काढून सांगायचं होतं, की माझ्या बहिणीनं परत घेतला तरी तो खराच निघाला.

तर काल सकाळी दुकान मुलावर टाकून मी धारवाडला गेलो. तुझ्या कॉलेजातल्या खोलीत भारतीनं खिडकीला काळा कपडा लावला होता, कारण या नव्या पद्धतीत रंग अंधारात हिरवा चमकतो. तीन काचा होत्या आणि तिन्हींच्या नावांवर चिकटपट्टी. भारतीनं मला तुझ्या त्याच खुर्चीत बसवलं. मण्यांची जागा आधी साध्या उजेडात दाखवून घेतली, दिवा मालवला आणि स्वतः माझ्या मागं जाऊन उभी राहिली, म्हणजे तिच्या तोंडाकडं बघून मी काही ओळखायला नको.

"अण्णा, सावकाश बघा. आणि दिसतंय तेच सांगा, हं."

पहिल्या काचेत डोळा हिरवा होता आणि पाठीचे मणीही. दोन्ही बाजूंना, ओळीनं, दिव्यांच्या माळेसारखे. मी सांगितलं. तिनं काच बदलली.

दुसऱ्या काचेतही डोळा होता. इतका स्वच्छ हिरवा की मी जरा मागं सरकलो. मग पाठीकडं सरकवलं. पाठीत हिरवं होतं. "आहे!" मी म्हटलं. "पाठीत आहे!"

"कुठं आहे, अण्णा? मण्यांत का मधे?"

मी चष्मा पुसला, पुन्हा डोळा लावला. अक्का, मी खूप बघितलं. ती हिरवी रेघ थोडी इकडे सरकावी, थोडी पसरावी, एखाद्या मण्याला तरी शिवावी, म्हणून मी बघत राहिलो. मी "मण्यांत" म्हटलं असतं तर भारतीनं तेच लिहून घेतलं असतं.

"मधे," मी म्हटलं. "मज्जारज्जूत. एक बारीक रेघ आहे. मण्यांत काही नाही."

"नक्की?"

"नक्की. दोन्हीकडं अंधार आहे."

तिसऱ्या काचेत काहीच नव्हतं, डोळासुद्धा नव्हता. ती काकूविनाची असणार, एवढं मलाही कळलं. भारतीनं दिवा लावला आणि पट्ट्या सोलल्या. पहिली जुन्या बाटलीची. दुसरी नव्या. तिनं दुसरी काच हातात धरली आणि नाव दोनदा वाचलं. मग ती खुर्चीवर बसली, हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाली, "मॅडम खऱ्या निघाल्या, अण्णा. छापलं असतं तर…"

तर हा निकाल, अक्का. डोळा आहे. मणी नाहीत. तुझा शोध शोध नव्हता, आणि तो छापला जाण्याच्या आत ते ओळखणारी तू होतीस. तू जिंकलीस म्हणायचं तर तुला ते पटणार नाही, आणि तू हरलीस असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मल्लप्पाअण्णा पुन्हा आले तर त्यांना काय सांगायचं, ते आता मला माहीत आहे. सांगीन, की अण्णा, एके ठिकाणी काही नसेल हा संशय माझ्या बहिणीनं आपल्या नावाकडे न बघता कळवून टाकला, आणि तिथं खरंच काही नव्हतं. ते पंख्याकडे बघतील. बघू दे.

भारतीचा प्रबंध लहान होईल, पण होईल. त्यात हीच गोष्ट येणार आहे, म्हणाली: दोन बाटल्या, तीन काचा, आणि कुठली कुणाचा हात धरते. तिच्या वडिलांना मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे बाई मेल्यावर पोरीचं काम झालं म्हणायचं?" मी म्हटलं, नाही हो, बाईंनी जिवंतपणीच केलं होतं. त्यांनाही नीट कळलं नसावं. मलाही सांगता आलं नाही.

निघताना मी भारतीला म्हटलं, "झालं ना मग सगळं?"

"नाही अण्णा. एकदाच बघून चालत नाही. दुसरी पिल्लं घेऊन परत करायला लागतंय. परवा सकाळी याल ना?" आणि काचा पेटीत ठेवता ठेवता म्हणाली, "आणि परवा क्रम बदलणार आहे. कुठली कुठली ते सांगणार नाही."

उद्या दुकान जरा उशिरा उघडीन, अक्का.